राणीचे आठ कोट

मामूंनी सोलापूरहून आठ लाल कोट आणले, तेव्हा कोटांच्या छातीवर इंग्रजी अक्षरं आहेत याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते बटणं शाबूत आहेत का तेवढं बघत होते. मामू आमच्या उस्मानाबादच्या बँडचे मालक. क्लॅरिनेट स्वतः वाजवायचे आणि स्वस्त वस्तू दिसली की त्यांचे पाय आपोआप तिकडं वळायचे. सोलापुरातला एक जुना बँड मोडला होता, त्याचे हे कोट. प्रत्येक कोटावर एकेक पितळी अक्षर ठोकलेलं. आठही जण ओळीत उभे राहिले की छात्यांवर नाव तयार व्हायचं, व्हिक्टोरिया. निजाम गेला, जिल्हा मुंबई राज्यात आला, सगळीकडं स्वराज्याची भाषणं चाललेली, आणि आम्ही नेमके तेव्हा गोऱ्या राणीच्या चाकरीला लागलो.

पहिलीच सुपारी भूमच्या एका पुढाऱ्यांची आली. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पुढारी तुरुंगात जाऊन आलेले होते आणि ते कुणाला विसरू देत नसत. आमच्या कोटांची कीर्ती त्यांच्या कानावर गेली आणि निरोप आला, "ती बाई माझ्या मांडवात नको. नाव बदला, न्हाईतर आमी दुसरा बँड बघतो."

अक्षर उपटायला जावं तर कापडही सोबत यायचं. म्हणून मामू मला घेऊन हायस्कूलच्या इंग्रजीच्या मास्तरांकडं गेले. माणसं उलटसुलट उभी करू, या आठ अक्षरांतून जमेल तेवढा लांब शब्द काढून द्या, म्हणाले. मास्तरांना कोण आनंद झाला! एरवी लोक त्यांच्याकडं तार वाचून घ्यायला यायचे आणि मास्तरांनी ती वाचली की रडायला लागायचे. इंग्रजीसाठी त्यांच्या दारात हसतमुखानं आलेली आम्ही पहिलीच माणसं.

ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. चार अक्षरांचा पहिला शब्द निघाला तो 'कोट'. "कोटावर कोट लिव्हायचं? लोक काय आंधळे हायत?" मामू म्हणाले. दुसरा निघाला 'रायट', म्हणजे दंगल. मामूंनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "तोबा! मास्तर, त्ये सोडून कायबी द्या." पोलीस ॲक्शनच्या वर्षी झालेल्या दंगलींबद्दल आमच्या मोहल्ल्यात तेव्हा कुणी तोंड उघडत नव्हतं. मग पाच अक्षरांचा 'ॲक्टर' आला, तो नाटक कंपनीचा वाटला. 'व्हिकर' आला, पण तो निघाला पाद्री. शेवटी मास्तर एकदम उठून उभे राहिले. सहा अक्षरं! 'व्हिक्टर', म्हणजे जिंकणारा. मामू खूश. मास्तरांनी कष्टानं केलेला तो कागद त्यांनी माझ्या हाती दिला, मी खिशात कोंबला.

घरी येताना मात्र मामूंच्या लक्षात आलं की आपल्याकडं माणसं आठ आहेत. दोन अक्षरं उरली, म्हणजे दोन माणसंही उरली. माझी झांज उरली, त्याचं मला सोयरसुतक नव्हतं. पण दुसरा उरला तो चाचांचा ताशा. "ताशा आता गावंढळ दिसतो, साइड ड्रम हाय की," मामू म्हणाले. माझं डोकंच फिरलं. चाचा आमच्या बँडचे सगळ्यात जुने वादक, बँड बँड नव्हता तेव्हापासूनचे. आणि मामूंनी एकदा घरी बसवलेल्या माणसाला पुन्हा कधीच बोलावलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "मैं अक्षर हूँ क्या रे? मैं तो ताशा हूँ," एवढंच म्हणाले आणि ताशा खुंटीला अडकवला.

लग्नाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं सहा अक्षरं भूमला गेली. मी चाचांच्या ओसरीवर जाऊन बसलो. ते गुडघ्यावर बोटं वाजवत होते, मी बघितलं की थांबवत होते. मला फार वाईट वाटत होतं. मी मामूंना मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

दुपारी दारात जीप थांबली. ड्रायव्हर घामाघूम. "ताशेवालं म्हातारं कोण हाय? आमच्या सायबांची आई अडून बसलीय. ताशाबिगर परण्या निघू देत न्हाय म्हणती." परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात ती मिरवणूक. म्हातारी अडली म्हणजे लग्नच अडलं होतं.

चाचा लगेच उठले नाहीत. आधी पान लावलं, खाल्लं. मग म्हणाले, "कोट नक्को. और ये छोरा भी साथ आता."

ड्रायव्हरनं दोन्ही अटी मान्य केल्या. चाचा पांढऱ्या पैरणीत, मांडीवर ताशा घेऊन जीपमध्ये पुढं बसले. मी मागं. वाटेत धुळीनं माझं तोंड भरलं तरी मी हसत होतो.

मांडवापाशी पोचल्यावर ताशा शेकायचा होता, म्हणजे कातडं ताणून बसतं. काटक्या मिळाल्या, पण पेटवायला कागद नव्हता. मी खिशात हात घातला. कोट, दंगल, नट, पाद्री आणि जिंकणारा, सगळे एकदम भसकन पेटले. ताशा खणखणीत झाला.

मग बँड मांडवासमोर ओळीत उभा राहिला. मामूंनी चाचांना डोळ्यांनी खुणावलं, मागं. चाचांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. ते सरळ गेले आणि ओळीच्या मधोमध उभे राहिले. तीन कोट एका अंगाला, तीन दुसऱ्या अंगाला. मामूंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि मी ते पोटभर बघून घेतलं.

पुढाऱ्यांना राणी गेल्याची खात्री करून घ्यायची होती. त्यांनी घोड्यावरच्या नवरदेवाला विचारलं, "जावईबापू, वाचा बरं, काय लिव्हलंय?"

जावई सोलापुरात कॉलेजला होते. त्यांनी डावीकडची तीन अक्षरं वाचली, 'व्हिक', मधे चाचांच्या कोऱ्या पैरणीपाशी अडखळले, उजवीकडची तीन वाचली, 'टॉर', आणि मान हलवली. "काही अर्थ लागत नाही."

"न लागाया काय झालं?" मागून म्हातारी म्हणाली. "गप ऱ्हा अन् ऐका."

चाचांनी काड्या उचलल्या.