मालकाने शेजारी उभं राहायचं

चावीवाल्याने धंद्याच्या सुरुवातीलाच स्वतःला एक नियम घालून घेतला होता. ज्याचं दार उघडायचं, त्या मालकाने काम संपेपर्यंत शेजारी उभं राहायचं. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस बोलघेवडा आहे, सोबत हवी असेल. खरी गोष्ट वेगळीच होती. त्याच्यासारखा काळ्या रंगाचा माणूस परक्याच्या दारापुढे गुडघे टेकून कुलपात तार घालताना दिसला, की त्या गोऱ्या वस्तीत त्याला कुणी काही विचारत बसत नाही, थेट पोलिसांना फोन लावतात. त्याचा भागीदार गोरा. तो हेच काम करायला बसला की लोक पाणी आणून देत.

नियम त्याने एकदाच मोडला, तोही दया येऊन. एक निवृत्त संगीतशिक्षिका चावी आत विसरून बाहेर अडकल्या होत्या. बाईंचे गुडघे दुखत होते, धड उभं राहवत नव्हतं. खाली बाकावर बसा, दार उघडलं की हाक मारतो, असं त्याने सांगितलं. समोरच्या दाराच्या भिंगामागून कुणीतरी बघतंय हे त्याला जाणवलं होतं. थोड्याच वेळात दोन पोलीस जिना चढून आले आणि त्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बाई धापा टाकत वर येऊन सांगेपर्यंत त्याचे हात वरच होते. खात्री करून घ्यावी लागते, असं म्हणून पोलीस निघून गेले. समोरचं दार काही उघडलं नाही.

दुकानाचा गल्ला बायको सांभाळायची. घडलेलं सगळं तिने ऐकून घेतलं. यापुढे बाहेरची कामं भागीदाराने करायची आणि ह्याने आत बसून चाव्या घासायच्या, असा तिने हुकूमच सोडला.

"आज बाई वर आल्या. उद्या नाही आल्या तर?"

तो आत चाव्या घासत बसला, पण आतल्या आत धुमसत होता. आयुष्यभर शिकलेली कला कोपऱ्यात लपवायची, का, तर कुणाच्या डोळ्यांत आपला रंग खुपतो म्हणून!

मग एक दिवस फोन आला. बायकोने तो घेतला आणि ठेवताना तिचा चेहरा पार बदलला होता. परवा कुणी काळा माणूस आमच्या जिन्यात कुलपांशी खेळत होता, म्हणून नवीन कुलूप बसवायचंय, असं गिऱ्हाईक म्हणत होतं. पत्ता बाईंच्या समोरच्याच घराचा.

भागीदार उठला, पण चावीवाल्याने पिशवी खांद्याला लावलीसुद्धा होती. बायकोने मोठा टॉर्च स्वतःच्या हाताने त्याच्या पिशवीत टाकला.

दार उघडताच समोरच्या गृहस्थांच्या तोंडचं पाणी पळालं. तुमचं चालू द्या, मी आत बसतो, असं पुटपुटत ते वळले.

"नाही. मालकाने शेजारी उभं राहायचं," चावीवाला म्हणाला आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला.

गृहस्थ बिचारे उभे राहिले. उभं राहिल्यावर गप्प राहवेना. हल्ली रंगबिंग कोण बघतं, उगाच गैरसमज नको, माझ्या जागी कुणीही असता तरी त्याने फोन केलाच असता, अशी त्यांची गाडी सुरू झाली.

चावीवाल्याने स्क्रू फिरवता फिरवता विचारलं, "गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावर माझा भागीदार दार उघडत होता. एकटाच. त्याला तुम्ही पाणी नेऊन दिलंत ना?"

टॉर्चचा उजेड हळूहळू जमिनीवर उतरला.

"वर धरा," चावीवाला म्हणाला. "मला काम नीट करायचंय."

आणि काम त्याने नीटच केलं. जुनं कुलूप काढलं, नवीन बसवलं, दार चार वेळा उघडून लावून पाहिलं, लाकडाचा भुसाही पुसून घेतला. साऱ्या चाव्या गृहस्थांच्या हातावर ठेवल्या आणि स्वतःची पिशवी बंद केली. निघाला मात्र नाही.

"आता मला पाणी द्या," तो म्हणाला.

गृहस्थांनी पेला आणून दिला. उंबऱ्यात उभं राहून त्याने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला.

"चावी हरवली तर फोन करा," पेला परत देताना तो म्हणाला. "मीच येईन."