बिकाजान आपांचे डावखुरे आजोबा

बिकाजान आपांनी पिठाची पातळ पिशवी एका हातात उघडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने तिच्यात दूध-अंड्याचं मिश्रण नुकतंच ओतलं होतं. तुखुम बराक या पदार्थाचं असं असतं, की पिशवी भरली की तोंड चिमटून लगेच उकळत्या पाण्यात सोडायची. जरा रेंगाळलात की अंडं गळायला लागतं. पन्नास वर्षांत आपा कधी रेंगाळल्या नव्हत्या. आज रेंगाळल्या, कारण समोरच्या भिंतीवर आजोबा होते.

आजोबा म्हणजे फोटोतले. खिवा शहरात जुन्या फोटोंचा अभ्यास करणारं एक मंडळ आहे. सभासद सात. आपा त्याच्या चिटणीस. अक्षर चांगलं म्हणून, असं त्या सांगतात. समोसे चांगले म्हणून, असं त्यांचे यजमान साबिर सांगतात. वसंतात मंडळाला कुणाच्या तरी माळ्यावर गाद्यांखाली शंभर वर्षांची एक काच सापडली. तिच्यावर उलट्या रंगांचं चित्र होतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. आपांनी आपल्या न्हाणीघरात लाल दिवा लावून त्या काचेवरून फोटो छापला आणि ओरडल्याच. तंदूरशेजारी एक माणूस उभा होता, आणि तंदूरच्या भिंतीवर रोटी थापायची कापडी गादी त्याच्या डाव्या हातात होती!

आपांचे आजोबा तंदूरवाले होते, डावखुरे होते, आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता.

शेजारची याकूत म्हणाली, "आपा, हा तर माझा आजोबा. तोही तंदूरवालाच होता. उजव्या भुवईवर वण होता त्याच्या."

"फोटोत वण डाव्या भुवईवर आहे, बाई."

"आजी तर उजव्या म्हणायची."

"आणि हात? तुझा आजोबा डावखुरा होता?"

"नाही," याकूत म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

"मग झालं तर! रडून आजोबा मिळत नाहीत, याकूत."

हे वाक्य आपांना इतकं आवडलं, की त्यांनी ते आपल्या रोजच्या वहीत उतरवून ठेवलं. नमाजाच्या खोलीत चेहऱ्याचं चित्र चालत नाही, म्हणून फोटो स्वयंपाकघरात लागला. चार महिने आपा नेमाने त्या आत्म्यासाठी फातिहा म्हणत होत्या. थोरले भाऊ मतनियाझ ऐंशी वर्षांचे. ते उर्गेंचहून आले, फोटो छातीशी धरून लहान मुलासारखे रडले. उद्या ग्रंथालयात मंडळाचं प्रदर्शन होतं. मतनियाझ सगळा गोतावळा घेऊन यायचे होते, आणि फोटोवर लावायच्या पाटीवर आपांच्याच सुंदर अक्षरात आजोबांचं नाव होतं.

तर आपांची नजर आज आजोबांच्या मागे गेली. तिथे बाजेवर तीन माणसं पुलाव खात बसली होती. आजोबा असताना त्यांच्याकडे कोण बघतो? तिघांचाही डावा हात ताटात होता.

"या अल्लाह!" आपा म्हणाल्या, आणि अंडं त्यांच्या पायावर गळलं.

एखादा डावखुरा अल्लाह जन्माला घालतो. पण तीन-तीन मुसलमान एका ताटात डाव्या हाताने जेवतात, आणि चौथा शेजारी उभा राहून चकार शब्द काढत नाही? खिव्यात?

त्यांनी काच आणून खिडकीत तिरकी धरली. एक बाजू चकचकीत, एक मंद. चित्र मंद बाजूवर असतं आणि छापताना ती बाजू कागदाला टेकवायची, हा नियम मंडळाच्या वहीत आपांनीच लिहिला होता, खाली दोन रेघा मारून. छापताना मात्र चकचकीत बाजू टेकवली होती. फोटो जरा धूसर आला होता, पण आजोबा म्हातारे म्हणून तसे, असं त्यांनी समजून घेतलं होतं.

आपांनी फोटो आरशासमोर धरला. आरशात तिघे नीट उजव्या हाताने जेवू लागले. गादी उजव्या हातात गेली. वण उजव्या भुवईवर आला.

साबिर आत आले. "अगं, पाणी आटलं सगळं. काय झालं?"

"आजोबा गेले."

"ते तर तुझ्या दादाच्याही जन्माआधीच गेले की."

"हे गेले. याकूतकडे." आपांनी आरसा दाखवला.

साबिरांनी एकदा फोटो पाहिला, एकदा आरसा. "आणि बाकीच्या सहा विद्वानांना दिसलं नाही?"

"ते समोसे खात होते."

"कुठल्या हाताने?"

आपांना हसू आलं आणि रडूही. साबिर हळूच म्हणाले, "उद्यापुरतं राहू दे. त्या तिघांवर पाटी चिकटव. म्हातारा भाऊ येतोय तुझा."

पाटी कुठवर येईल, हे आपांनी बोटांनी मोजूनही पाहिलं. बरोबर बसत होती. पण ज्याला सगळंच दिसतं, त्या अल्लाहपासून चूक थोडीच लपणार होती?

"आणि चार महिन्यांची फातिहा? फुकट गेली म्हणायची," साबिर म्हणाले.

"फुकट कशी? शेजारीच गेली. दादाला मी सांगेन, त्याचं रडणं माझ्या डोक्यावर. पण आधी याकूत."

वही काढून आपांनी 'रडून आजोबा मिळत नाहीत' याच्या खाली लिहिलं, 'मिरवूनही मिळत नाहीत.' मग पाणी पुन्हा उकळायला ठेवलं, उरलेल्या पिशव्या न रेंगाळता सोडल्या, ताटात काढून वर दही घातलं, आणि ताट झाकून त्या वहाणा शोधू लागल्या.

याकूतच्या आजोबांचं नाव काय, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ते विचारून यायचं होतं, पाटीवर लिहायला.