बोगद्यात धरलेला हात

रत्नागिरीकर मंडळी, आज आगगाडीत झालेली माझी फजिती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून बायकोला घेऊन कोल्हापूर-पुण्यावरून मुंबईला निघालो. सोबत माझे वडील, अण्णा. सारा जन्म गलबतावर गेलेला माणूस, आगगाडीत पहिल्यांदाच बसलेला. आमचं लग्न नवं, त्यात अण्णांसमोर बायकोशी धड बोलताही येत नाही.

खंडाळ्याच्या घाटात बोगदे लागतात आणि डब्यात मिट्ट काळोख होतो, हे मी ऐकून होतो. खिडकीतून वाकून मी बोगद्याचीच वाट बघत होतो. इंजिनाने शिट्टी दिली, काळोख झाला आणि मी शेजारी बसलेल्या बायकोचा हात हळूच धरला.

हात खरखरीत लागला. घरात कामं फार पडतात, असं मनात आलं. त्या हातानेही माझा हात घट्ट धरला, तेव्हा तर मी हरखलोच.

उजेड आला. बायको धबधबा बघायला पलीकडच्या खिडकीशी गेली होती आणि तिच्या जागी अण्णा बसले होते.

"घाबरू नको," अण्णा म्हणाले, "मी हाय ना."

बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

पुढच्या बोगद्यात मी हात मांडीखाली दाबून बसलो. अण्णांनी तो चाचपडत शोधला आणि घाट उतरेपर्यंत सोडला नाही. त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता.

आता बायको मलाच भित्रा समजते. खरं सांगावं, तर अण्णांची अब्रू जाते. तुम्ही काय केलं असतंत?