मोड न आलेली मटकी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वनस्पतीशास्त्राच्या सरांनी मला प्रयोग दिला होता. डोंगरउतारावर माजणाऱ्या कुसळी गवताच्या पाण्यात पिकाचं बी उगवतं का, ते पाहायचं. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून मुलुंडच्या घरीच गवत वाटलं, पाण्यात मुरवलं, गाळलं. एका वाडग्यात साध्या पाण्यातली मटकी, दुसऱ्यात गवताच्या पाण्यातली. तिसऱ्या दिवशी साध्या मटकीला बोटभर मोड आले. दुसरी तशीच, निपचित.

चौथ्या दिवशी लायब्ररीतून घरी आले, तर ओट्यावर एकच वाडगा.

"आई, दुसरा?"

"त्या मटकीला मोड येईनात, पाण्यालाही वास. टाकवेना गं, म्हणून तीनदा धुतली नि आमटीत घातली. बाबांना डब्यात दिली."

जे पाणी बी मारतं, ते माणसाला काय करेल? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी काय भिजवलं होतं ते आईला कसंबसं सांगितलं आणि पळत सुटले.

बाबा मरोळच्या एका कारखान्यात लेथवर होते. दोन बस बदलल्या. चक्कर येऊन ते फिरत्या मशीनवर कोसळलेत, हेच सारखं दिसत होतं. फाटकावरच्या वॉचमनला नीट सांगताही येईना. त्याने बाबांना बोलावून आणलं.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"तुमचं पोट दुखतंय का?"

सगळं ऐकून ते म्हणाले, "अगं, ते गवत गुरं खातात." पण हसले नाहीत. साहेबांना सांगून मशीन बंद करून आले, माझ्याशेजारी बाकावर तासभर बसले. दर पाच मिनिटांनी मी विचारायची, तेही दरवेळी पोटावर हात ठेवून खरंखुरं उत्तर द्यायचे. काही झालं नाही. मग त्यांनीच मला बसमध्ये बसवून दिलं.

घरी आले, तर दार सताड उघडं. आई उंबऱ्यावर बसलेली, चेहरा पांढराफटक. शेजारणीकडे किल्ली देऊन ठेवलेली, अचानक दवाखान्यात जावं लागलं तर म्हणून.

"बाबा ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. "मीपण खाल्ली होती गं. तू पळालीस, सांगायला वेळच दिला नाहीस."

दुपारभर ती तिथेच, एकटी बसून होती.