सहा वाजताचं ‘आलो’

फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावू लागली, त्या हंगामात आमच्या पातूरकडच्या गावाने मोबाइलवर एक गट काढला. नियम एकच: फवारून घरी पोचलं की ‘आलो’ लिहायचं. सहापर्यंत कोणाचं ‘आलो’ दिसलं नाही, की मी अकोल्याहून फोन लावायचो आणि त्याचा आवाज ऐकल्याशिवाय सोडायचो नाही.

पुढे गटात राजकारण शिरलं. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी शिव्या. मी मुळात तापट. दोन वर्षांत पार कावलो. शेवटी ओळखीतल्या एकाकडून गटावर चॅटबॉट बसवून घेतला. तो शिव्या पुसायचा, फुलंही पुसायचा. सहाला ज्याचं ‘आलो’ नसेल त्याला विचारायचा, “दादा, पोचलात का?” अर्धा तास विचारत राहायचा, तरी उत्तर नसलं तर शेतशेजाऱ्यांना कळवायचा, “जाऊन बघा.” चिडणं त्याला माहीतच नव्हतं. गट इतका शहाण्यासारखा वागू लागला की मी तो उघडणंच सोडलं.

एक गोष्ट बॉटला कोणी सांगितली नाही, आणि मला ठाऊक असून सुचली नाही. फोन भिजून खराब होतो म्हणून फवारणीला तो कोणीच नेत नाही. घरीच फळीवर पडलेला असतो.

माझा शाळासोबती कपाशीत पडला, त्या दिवशीही सहाला त्याचा घरातला फोन वाजला. येतीलच आता, म्हणून त्याच्या बायकोने, वहिनींनी, रोजच्यासारखं ‘आलो’ लिहून टाकलं. बॉट म्हणाला, “छान. आराम करा.” त्या शोधायला निघाल्या तेव्हा सात वाजून गेले होते, आणि तो गेलेला होता. तो फोन मी लावायला हवा होता.

तेरवीनंतर मी गट उघडला. बॉट अजूनही रोज सहाला त्याला विचारत होता. आणि रोज त्याच्या नंबरावरून उत्तर येत होतं, ‘आलो.’ मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी तडक गाव गाठलं.

“वहिनी, हे तुमी लिवता?”

“मंग कोन लिवन?”

“पन काहून?”

“नाई लिवलं तं तो लोकाइले पाहाले धाडते ना, भाऊजी. आता कुठी पाहातीन ते?”

तेवढ्यात सहा वाजले. फळीवरचा फोन थरथरला. वहिनींनी तो उचलून माझ्या हातात दिला.

“आज तुमी लिवा.”