अख्खा इडवल

एकोणीसशे सत्तेचाळीसच्या पहिल्या दिवशी सरकारने मालकाकडून घेतलेल्या आमच्या कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी झेंडा चढला, 'ही खाण आता जनतेची' अशी पाटी लागली आणि इडवल प्रॉसर ढसाढसा रडला. एकतीस वर्षं मालकाच्या शिव्या खाल्लेला माणूस तो. मॅनेजर मात्र जुनाच राहिलाय, हे त्याच्या बायकोने, ओलवेनने, तिथल्या तिथे हेरलं.

"थोबाड तेच, नुसती टोपी बदललीय," ती म्हणाली.

"तुला ना, मेले, कशातच आनंद नाही," इडवल म्हणाला आणि खोकत सुटला.

खोकला धुळीचा होता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण छातीचा फोटो काढला आणि त्यात धूळ निघाली, की माणसाला पुन्हा खाणीत उतरू देत नसत. म्हणून हा पठ्ठ्या फोटोच काढेना. "आता कुठे आपली झालीय, आणि आता बाहेर पडू?" फेब्रुवारीत आमची दरी बर्फाखाली गाडली गेली, तेव्हा कोळशाच्या वाघिणी मोकळ्या करायला फावडं घेऊन हाच सगळ्यांच्या पुढे. खुळा कुठला! ऑगस्टमध्ये त्याला जिना चढवेना. खाट खालच्या खोलीत आणली.

"ओलवेन, मला अख्खा पुर," तो म्हणाला. "फुप्फुसं काढून तपासायला त्या डॉक्टरांच्या बोर्डाकडे धाडू नकोस. देव कबरीतून उठवेल त्या दिवशी श्वास लागेल ना मला."

ओलवेनने शब्द दिला. चॅपेलात वाढलेली बाई, शब्द मोडणाऱ्यातली नव्हती.

नोव्हेंबरात तो गेला. डॉक्टर म्हणाले, "फोटो नाही, म्हणजे धुळीने गेल्याचा पुरावा नाही. आता फुप्फुसं बोर्डाकडे पाठवली, तरच काही कळेल."

"दे गं बाई," शेजारची ग्लेनिस म्हणाली. "नाहीतर आपसूक मेला असं लिहून मोकळे होतील."

तेच ओलवेनला सोसेना. खाणीने त्याला मारलं, हे कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. तिने सही केली.

आमच्याकडे कबरीपर्यंत पुरुषच जातात. बायका घरात, दफनानंतरच्या जेवणासाठी गल्लीने रेशनातून वाचवून आणलेलं हॅम कापत बसल्या होत्या. पेटी उचलताना बाहेर कुणीतरी म्हणालं, "किती हलका झालाय बिचारा!" ओलवेनच्या हातातली सुरी थांबली.

नाताळच्या आधी बोर्डाचं पत्र आलं. मृत्यू हृदयविकाराने. धूळ आढळली, परंतु ती मृत्यूस कारण नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी ओलवेन एकटीच टेकडी चढून कबरीपाशी गेली. खाली खाणीच्या अंगणात उद्याच्या वर्षपूर्तीसाठी बँडची तालीम चालली होती. ती माफी मागायला आली होती. वाटभर शब्द जुळवले होते. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"लिहून दिलं रे त्यांनी, इडवल. धुळीनेच गेलास, असं लिहिलंय." मग म्हणाली, "आणि अख्खा आहेस तू. काळजी करू नकोस."

पत्र तिच्या कोटाच्या खिशात होतं. त्यावर हात दाबून धरून ती टेकडी उतरली.