ऑर्गनचा विमा

सिरोंच्याहून ऊर्जानगरला बिऱ्हाड हलवायचं ठरलं, तेव्हा सामानाचा विमा काढायचा हट्ट माझाच होता. मी मुळातच जिवाला घोर लावून घेणारी. गॅस बंद केला का हे बघायला बसस्टँडवरून परत आलेली बाई आहे मी. त्यात वाटेतलं आलापल्लीचं जंगल, पावसानं उखडलेला रस्ता आणि त्यावर खनिजाच्या अवजड गाड्यांची रांग. नवरा तिथल्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला होता. तो फोनवर हसला, "चार भांडी आणि एक कूलर, त्याचा काय विमा काढतेस?" भांड्यांची मला पर्वा नव्हती. माझा जीव बाबांच्या ऑर्गनमध्ये अडकला होता.

माझे वडील झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवत. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्याकडे गावोगावी रात्र-रात्र नाटकं रंगतात. मंडपात रंगमंचाला लागून बसून पायानं भाता मारणारे बाबा मी लहानपणापासून पाहत आले. आई गेली आणि ते दोन हंगाम घराबाहेर पडले नाहीत. जेवायचे, टीव्हीसमोर बसायचे, काही विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. यंदा एका नाटक कंपनीच्या मालकानं पुन्हा बोलावलं आणि बाबा रोज सकाळी ऑर्गनपुढे बसू लागले. मध्येच मला हाक मारून एखादी जागा ऐकवू लागले. हा हंगाम हुकला तर माणूस पुन्हा आपल्या हाती लागायचा नाही, अशी माझी खात्री होती.

विम्याचा एजंट घरी आला. कपाट, कूलर, शिलाई मशीन, मी भराभर किमती सांगत गेले. ऑर्गनवर आलो आणि बाबा उखडले.

"किंमत इकताना सांगतेत. मी इकून राह्यलो काय?"

"बाबा, विम्यासाठी लागते ती."

"मले नाई पाह्यजे तुझा विमा. काऊन आतापासून त्याले फोडून राह्यली?"

ते उठून अंगणात गेले. मी आवाज खाली करून, नवा ऑर्गन येईल एवढा आकडा सांगून टाकला. आम्हा नवरा-बायकोच्या कंत्राटी पगारात नवा ऑर्गन कधीच बसला नसता.

मी आणि बाबा बसनं आधी निघालो. ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचा होता. दुपार टळली, पाऊस सुरू झाला, ड्रायव्हरचा फोन काही लागेना. जंगलात रेंज नसते हे मला माहीत होतं, पण माहीत असण्याचा उपयोग काय? नवरा ड्यूटीवर होता. भाड्याच्या रिकाम्या खोलीत मी येरझाऱ्या घालत होते. बाबा भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती आणि दोघंही चहाबद्दल बोलत होतो.

अंधार पडायच्या सुमारास ड्रायव्हरचा फोन आला. समोरच्या गाडीला साइड देताना चाक चिखलात गेलं आणि ट्रक कलंडला होता. माणसं बचावली होती. मी लगेच एजंटाला विचारलं. तो म्हणाला, सकाळी सर्व्हेअर येईल, तोवर एकाही वस्तूला हात लावू देऊ नका. तोच निरोप मी ड्रायव्हरला दिला.

"मॅडम, आता हात कायले लावाचा? सामान हाय कुठी इथी? गाववाल्यांनी उचलून घरोघरी नेलं."

"लुटलं!" मी ओरडले.

"मग काय पावसात ठेवाले पाह्यजे होतं त्याईनं?" बाबा एवढंच बोलले.

रातोरात निघून उजाडताच मी आणि बाबा त्या गावात पोचलो. कूलर एकाच्या पडवीत, कपाट दुसऱ्याच्या गोठ्यात, माझे डबे तिसरीकडे पुसून, एकावर एक रचून ठेवलेले. काडीसुद्धा गेली नव्हती. मी कालचा शब्द मुकाट्यानं गिळला. पण ऑर्गन दिसेना. तेवढ्यात गावाच्या टोकाच्या घरातून एका बाईनं हाक मारली.

ऑर्गन तिच्या चुलीला लागून उभा होता. चूल अजून धगधगत होती.

"लय भिजला होता, भाऊ," ती बाबांना म्हणाली. "आत चामडं दिसलं. आमचा ढोल भिजला का आमी शेकतो, तसाच शेकला. रातभर लाकडं सारत बसली मी."

तिचे डोळे लाल झाले होते. बाबांनी पायट्यावर पाय ठेवून भाता दाबला. सूर उमटला नाही, नुसती हवा फुसफुसली. ढोलाचं कातडं शेकलं की ताणतं आणि बोलू लागतं. भात्याचं मऊ चामडं मात्र घडीघडीवर तडकलं होतं आणि आतल्या लाकडी पट्ट्या वाकून गेल्या होत्या. ऑर्गन संपला होता. मला त्या बाईचा राग आला, आणि तिच्याकडे बघवेनाही.

सर्व्हेअर भला माणूस होता. मोबाइलचा उजेड पाडून त्यानं आत पाहिलं.

"हे पाण्यानं झालेलं नाही, ताई. आगीनं झालंय. अपघातानंतर कुणी नुकसान केलं असेल तर तसं लिहितो, दिवाळीआधी पैसे मिळतील. पण त्या माणसाचं नाव द्यावं लागेल. कंपनी पुढे त्याच्याकडून वसूल करायला जाते."

बाई दारातच होती. तिनं पदर तोंडाशी नेला. मी बाबांकडे पाहिलं. नवा ऑर्गन, अख्खा हंगाम, सगळं एका नावावर येऊन थांबलं होतं, आणि ते नाव मी विचारलंसुद्धा नव्हतं.

"कोणी नाई केलं," बाबा म्हणाले. "घरूनच तसा होता. मीच शेकला होता मागं."

सर्व्हेअरनं मोबाइल खाली घेतला. "काका, मग ऑर्गनचं काहीच मिळणार नाही."

"नाई तं नाई. लिहा तसंच."

मला त्या क्षणी बाबांचा इतका संताप आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. आतून बाईचा आवाज आला, "वाजंल ना, भाऊ?"

"वाजंल ना माय. चामडं बदललं का झालं." तिनं दिलेला कोरा चहा बाबांनी तिला नाटकांच्या गोष्टी सांगत शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग बाहेर येऊन त्यांनी माझा फोन मागितला आणि रेंज मिळते त्या चढावर एकटेच गेले. वारा माझ्या दिशेनं होता, म्हणून ऐकू आलं.

"यंदा दुसरा माणूस पाहा, मालक. नाई, तब्येत ठीक हाय. मनच नाई होत आता."

बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिला तिथून काही कळलं नसावं. ती चढाकडे पाहत हसली.

"एखादं नाटक आमच्या गावाले आणा ना, बाई. भाऊचा बाजा आमाले आयकाचा हाय."

मी हो म्हणाले.